गंजिफा : १२० पानांचं गणित

सबमिशन संपलं की हॉस्टेलवर पाच-तीन-दोनचा डाव बसतोच. तिघांना दहा-दहा पानं हवीत म्हणून आपण ५२ मधून अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची २८ आणि दोन सत्त्या ठेवतो; बाकी २२ बाद! म्हणजे खेळासाठी कॅट कापायचा.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाला हे करावंच लागत नाही. मत्स्य, कूर्म ते कल्की असे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे १२ पानं. एकूण १२०, तिघांना ४०-४०. मुघल गंजिफात रंग आठच, पानं ९६. तरी वाटणी बरोबर, कारण १२ ला तिनाने भाग जातो.

खरी गंमत पुढे आहे. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, अर्ध्यांत एक्का. त्यामुळे हातात नुसती बारीक पानं आली तरी रडायचं नाही. हुकूम नसतो, सगळी भिस्त स्मरणशक्तीवर. दिवसा सुरुवात रामाची, रात्री कृष्णाची.

ही गोल, हाताने रंगवलेली पानं बनवण्याची कला संपतच आली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ती पुन्हा उभी केली. कला वाचली, पण आज बहुतेक सेट शोकेसमध्येच बसतात.

आमचं गडब मुंबई-गोवा हायवेवरच, सावंतवाडी त्याच वाटेने पुढे. यंदा गणपतीच्या जागरणाला जुन्या फाईलींच्या पुठ्ठ्याचे १२० गोल कापून बघा. चित्रं नाही जमली तर नुसते आकडे लिहा, पण खेळा!