जकातीची दोन नाकी : इस्कंदरिया आणि अक्का

'जकात' म्हटले की आमच्या व्यापारी बांधवांच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी येतात. एक, रमजानमध्ये वही काढून, मालाची किंमत लावून, अडीच टक्के बाजूला ठेवणे. दुसरी, शहराच्या वेशीवरचा नाका, ट्रकची रांग आणि कारकुनाची मर्जी. ही दुसरी जकात मुंबईत ३० जून २०१७ पर्यंत होती. वस्तू व सेवा कर आला आणि नाके गेले, शब्द मात्र राहिला. एक फर्ज इबादत आणि एक सरकारी महसूल, दोघांना नाव एकच!

हा घोळ फक्त आपल्याकडे झाला असे कोणी समजू नये. आठशे वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील दोन बंदरांत एका हाजीने तो स्वतः अनुभवला आणि लिहून ठेवला. मिसरच्या किनाऱ्यावरील इस्कंदरिया आणि फलस्तीनच्या किनाऱ्यावरील अक्का ही ती बंदरे. या शहरांना भेट देणारे लोक किल्ले पाहतात, मशिदी पाहतात. व्यापाऱ्याने तेथे जाण्यापूर्वी इब्न जुबैर यांचा प्रवास वाचावा, असे आम्हाला वाटते.

इब्न जुबैर हे अंदलूसचे, ग्रॅनाडाच्या सुभेदाराचे चिटणीस. इ.स. ११८३ मध्ये ते हजला निघाले. सब्ता बंदरातून जिनोआच्या ख्रिस्ती लोकांच्या जहाजात बसले आणि तीस दिवसांनी इस्कंदरियाला लागले. राज्य सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांचे. इस्लामी भूमीवर पाय ठेवतो आहोत, या आनंदात मंडळी होती. तोच अधिकारी जहाजावर चढले. एकेका मुसलमानाला पुढे बोलावून त्याचे नाव, वर्णन व मुलूख लिहून घेतला. माल किती, रोकड किती, हे विचारून त्यावर जकात मागितली. वर्ष पूर्ण झालेले धन किती आणि न झालेले किती, ही चौकशी कोणी केली नाही. बहुतेकांजवळ हजच्या वाटखर्चापलीकडे काही नव्हते.

पुढचा प्रकार तर नाक्यावर उभे राहिलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. सर्वांचे सामान किनाऱ्यावरील जकातघरात नेले. तेथे गर्दी इतकी की श्वास घेणे कठीण. गाठोडी सोडली, लहानमोठ्या वस्तू एकमेकींत मिसळून टाकल्या, लोकांच्या कमरपट्ट्यांत हात घालून झडती घेतली. वर, आणखी काही लपवले आहे काय, म्हणून शपथ घ्यायला लावली. त्या गोंधळात पुष्कळांच्या वस्तू नाहीशा झाल्या.

याच शहरात सुलतानाने परक्या मुसाफिरांसाठी निवास, हमाम आणि दवाखाना ठेवला होता, मगरिबी वाटसरूंना रोज दोन रोट्या मिळत. हेही इब्न जुबैर मनापासून लिहितात. नाक्यावरचा प्रकार सुलतानाच्या कानावर गेलेला नसावा, गेला असता तर त्यांनी तो बंद केला असता, असे त्यांचे म्हणणे. मक्केच्या वाटेवर हाजींवर बसणारा कर याच सुलतानाने माफ केला होता आणि त्याबद्दल मक्केच्या अमिराला धान्य व रक्कम द्यायचे ठरवले होते. तेव्हा त्यांचा भरवसा अगदीच भाबडा नव्हता.

आता नियम काय होता, ते पाहू. हजरत उमर (रजि.) यांनी व्यापारी मार्गांवर वसुलीसाठी माणसे नेमली. त्यांना आशिर म्हणत. मुसलमान व्यापाऱ्याकडून चाळिसावा हिस्सा, जिम्मीकडून विसावा, परमुलखातील व्यापाऱ्याकडून दहावा. मुसलमानाकडून घेतला जाणारा हिस्सा जकातच असल्यामुळे निसाब आणि पूर्ण चांद्र वर्ष या अटी नाक्यावरही लागू होत्या. हनफी फिकहच्या ग्रंथांत स्पष्ट आहे की व्यापाऱ्याने शपथेवर सांगितले, मालाला वर्ष झालेले नाही किंवा माझ्यावर कर्ज आहे, तर त्याचे म्हणणे मान्य करावे. म्हणजे शपथ ही व्यापाऱ्याच्या सोयीसाठी होती. इस्कंदरियाच्या कारकुनांनी तिचा दंडुका केला.

दुसरे नाके पुढच्या वर्षीचे. हज करून, बगदाद व दमास्कस पाहून इब्न जुबैर सप्टेंबर ११८४ मध्ये व्यापाऱ्यांच्या काफिल्याबरोबर अक्का येथे आले. तेव्हा अक्का फिरंगी ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या ताब्यात होते. काफिल्यासाठी एक खान, म्हणजे सराई, राखलेला होता. फाटकासमोर दगडी बाकांवर गालिचे घातलेले आणि त्यांवर ख्रिस्ती कारकून बसलेले. दौती आबनुसी लाकडाच्या, सोन्याने मढवलेल्या. हिशेब अरबीत लिहीत, बोलतही अरबीच. त्यांचा मुख्य अधिकारी मोठी रक्कम भरून वसुलीचा मक्ता घेणारा. दर दिनारामागे एक किरात, म्हणजे चोविसावा हिस्सा. व्यापाऱ्यांनी माल खाली ठेवला आणि वरच्या मजल्यावर मुक्काम केला. ज्यांनी आमच्याजवळ माल नाही असे सांगितले, त्यांचेही सामान तपासले आणि त्यांना जाऊ दिले. हे सारे सौजन्याने, जोरजुलूम न करता झाले, असे इब्न जुबैर लिहितात.

ते फिरंग्यांचे मित्र नव्हते. मशिदींची चर्चे झालेली पाहून त्यांचे मन जळत होते आणि शहराची घाणही त्यांनी सोडली नाही. तरी जकातघराबद्दल जे खरे ते लिहिले. दर पाहिला तर अक्काचा जास्त होता, चाळिसाव्याऐवजी चोविसावा. तक्रार मात्र इस्कंदरियाची राहिली! आमच्या दुकानात गिऱ्हाईक भावावरून किती वेळा तुटते आणि वागणुकीवरून किती वेळा, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

एक खुलासा येथेच करतो, कारण तो नेहमी विचारला जातो. सरकारला भरलेला कर, त्याचे नाव काहीही असो, जकातीत धरता येत नाही, असेच उलमांचे सर्वसाधारण मत आहे. करापोटी देणे झालेली रक्कम मालमत्तेतून कशी वजा करायची, हे आपल्या मसलकच्या आलिमांना वही दाखवून विचारावे.

आज इस्कंदरियाच्या किनाऱ्यावर सुलतान कायतबाय यांचा पंधराव्या शतकातला किल्ला आहे. इब्न जुबैर यांनी पाहिलेला जुना दीपस्तंभ तेथेच होता, चौदाव्या शतकातील भूकंपांनी तो पाडला. अक्का आता इस्रायलमध्ये आहे. तेथील खान अल उमदान अठराव्या शतकाच्या अखेरीस जज्जार पाशाने बांधला, तो जुन्या जकातघराच्या जागेवर असल्याचे मानतात. ग्रॅनाइटचे खांब जवळच्या कैसारियाच्या अवशेषांतून आणलेले. मधे चौक, खाली वखारी, वर मुसाफिरांच्या खोल्या. मांडणी तीच, जी इब्न जुबैर यांनी सांगितली.