मूळ हत्यारे कशी ओळखावीत?

बल्लाळेश्वराच्या देवळातील घंटा पालीत वाढलेल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी ती आणली, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ही हकीकत कानी आली नसती तरी तिची युरोपीय घडण लपली नसती. इतिहासाच्या तासाला ज्यांना आपण भौतिक साधने म्हणतो ती अशी स्वतःच थोडेफार बोलतात. हाच धडा मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत देवळात नव्हे, तर मामांच्या गॅरेजमध्ये गिरवावा लागला.

आमचे आजोबा मुंबईत एका घरी ड्रायव्हर होते. त्या घरी एम. जी. टी. सी. ही दोन माणसांची इंग्रजी स्पोर्ट्स गाडी होती. गाडी विकली तेव्हा हत्यारांची कॅनव्हासची गुंडाळी मालकांनी आजोबांना आठवण म्हणून दिली. ती मामांच्या कपाटात होती. जुन्या गाड्यांचे एक शौकीन पुण्याहून आले, त्यांनी ती मागितली आणि विचारले, "सगळी कारखान्याचीच आहेत ना?" मामा म्हणाले, "बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही." गृहस्थांनी आठ दिवसांनी येतो म्हणून सांगितले. मूळ संच ठरला तर किंमत बरीच, नाहीतर जवळजवळ भंगाराची. मामांना गॅरेजचे छप्पर बदलायचे होते. त्यांनी गुंडाळी माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, "तू शिकलेला ना, बघ."

टी. सी. गाडी इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात तयार झाली. एकूण सुमारे दहा हजार. तिच्या हत्यारांची पेटी डिकीत नसते. बॉनेट उघडले की इंजिनाच्या मागच्या बाजूस असते. चाके तारांची, मधोमध एका मोठ्या पंखवाल्या नटाने बसवलेली. तो नट ठोकून सैल करण्यासाठी मऊ धातूचा हातोडा लागतो, कारण पोलादी हातोड्याने पंख विद्रूप होतात. एक गोष्ट आधी समजून घ्यावी. मोटारीचा कारखाना पाने, पकडी स्वतः घडवीत नसे. बर्मिंगहॅमकडच्या हत्यारांच्या कारखान्यांकडून त्या घेतल्या जात आणि तेच पाने दुसऱ्या गाड्यांबरोबरही जात. म्हणून पान्यावर गाडीचे नाव शोधण्यात अर्थ नाही. 'मूळ' याचा अर्थ, त्या काळी त्या गाडीबरोबर जाणाऱ्या जातीचा.

मग खूण कोणती? पहिली खूण मापाची. आपल्या गॅरेजात अजून 'चार सूत', 'पाच सूत' चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. साध्या इंची पान्यावर तोंडाचे माप असते. पण जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली मांडलेल्या पद्धतीत पान्यावर बोल्टच्या दांड्याचे माप लिहितात, तोंडाचे नव्हे. त्यामुळे १/४ डब्ल्यू असा ठसा असलेल्या पान्याचे तोंड दोन सुतांचे नसून चार सुतांहून किंचित मोठे, ०.५२५ इंच भरते. त्याच तोंडावर बहुधा ५/१६ बी. एस. असाही ठसा असतो. आमच्या गुंडाळीतल्या चार पान्यांपैकी तिघांवर असे दुहेरी ठसे निघाले. चौथ्यावर नुसते १० आणि ११. मिलिमीटर!

इथे मी फसणार होतो. टी. सी. च्या इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत हे मी नुकतेच वाचले होते, म्हणजे हा पाना मूळचाच, असे मी मामांना ठणकावून सांगितले. मॉरिस कंपनीने १९२३ साली हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतील इंजिनांचा कारखाना घेतला, तिथली यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक राहिले आणि पुढे एम. जी. च्या इंजिनात उतरले. हे सारे खरे. परंतु बोल्टची डोकी मात्र व्हिटवर्थ मापाचीच ठेवली, म्हणजे इंग्रज गिऱ्हाइकाच्या घरचे पाने चालावेत. आटा फ्रेंच, डोके इंग्रज! तेव्हा मिलिमीटरचा पाना त्या गाडीला निरुपयोगी. मामांनी तो हातात घेताच ओळखला. "हा फियाटचा." कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाटचे नट मेट्रिक, आणि आजोबांनी पुढे कित्येक वर्षे फियाट चालवली होती.

पकडीवर नाशिकच्या टपारिया कंपनीचे नाव होते. ही कंपनी हातहत्यारे बनवू लागली १९६९ साली, टी. सी. चे उत्पादन थांबून तेव्हा वीस वर्षे झाली होती. एवढ्यावरच निकाल लागला. शिलालेखात उत्तरकालीन राजाचे नाव आले की तो आधीचा असू शकत नाही, तसेच हे.

दुसरी खूण मला पुस्तकात मिळाली नाही, कापडातच दिसली. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या लोखंडाचा गंज कॅनव्हासवर उमटतो. तीन पान्यांचे डाग त्यांच्याशी तंतोतंत जुळले. पकडीच्या खणातला डाग मात्र लांब, सरळ आणि एका टोकाला वाकडा होता. बहुधा टायर काढण्याच्या पट्टीचा. चाकाचा हातोडा तर नव्हताच. प्लगचा पाना जुना दिसतो, पण त्यावर ठसा नाही; त्याला मी मूळ म्हटले नाही आणि नाकारलेही नाही. नव्या चकाकीच्या मुलाम्याचा मात्र संशय घ्यावा, कारण मुलामा चढवताना घासकामात ठसे पुसट होतात आणि पुरावाच नाहीसा होतो. आमच्या मामांनी सुदैवाने काही घासले नव्हते.

अशी मिसळ आपल्याकडे होणारच होती. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे थारा उरला नाही. शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ साली बंद झाला. परदेशी गाडीचा हरवलेला पाना मागवायचा कुठून? मिळेल तो घालून माणसे गाडी चालती ठेवीत.

मामा दोन दिवस गप्प होते. "बाबांनी हात लावू दिला नाही" हे वाक्य आता त्यांना बोलता येईना. आठव्या दिवशी ते गृहस्थ आले तेव्हा मामांनी त्यांच्यापुढे माझ्याकडून लिहून घेतलेली चिठ्ठी ठेवली: तीन पाने आणि कॅनव्हास मूळचे, प्लगपाना अनिश्चित, बाकी नंतरचे. गृहस्थांनी डाग निरखून पाहिले, भाव केला आणि तेवढेच घेतले. छपराचे अर्धे पत्रे त्यात आले. फियाटचा पाना मामांनी त्यांना फुकट देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही. पकड मात्र मामांनी देऊ केली नाही. ती आता गॅरेजच्या फळीवर, रोजच्या हत्यारांत टांगलेली आहे.