वाय-फायवरील अनोळखी नाव

मयूर विहार, लक्ष्मीनगर किंवा नोएडा येथील एखाद्या बहुमजली इमारतीत मोबाईलवर वाय-फायची यादी उघडली, तर आपल्या घरच्या नावासोबत शेजारपाजारची अनेक नावे दिसतात. ती जशी आपल्याला दिसतात, तसे आपले नाव त्यांनाही दिसते. रेडिओलहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. जिना, गच्ची, खालचा रस्ता येथपर्यंत त्या पोहोचतात. घराच्या दाराला आपण आठवणीने कुलूप लावतो. या अदृश्य दाराची आठवण मात्र बहुधा इंटरनेटचा वेग मंदावल्यावरच होते. मग राउटरची माहिती देणारे पान उघडले जाते आणि जोडलेल्या उपकरणांच्या यादीत असे एखादे नाव आढळते, की ते कोणाचे हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

यात बिघडले काय? शेजाऱ्याने थोडे इंटरनेट वापरले, तर ते घोटभर पाणी मागितल्यासारखेच नव्हे काय? शेजारधर्म मानणाऱ्या मनात हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. २००८ सालच्या दोन घटना पाहा आणि मग त्याचे उत्तर द्या.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना धमकीचा ई-मेल आला होता. इंटरनेटच्या जोडणीला 'आयपी पत्ता' नावाचा एक क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा माग काढत तपास नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरापर्यंत आला. तेथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. ई-मेल त्याने लिहिलेला नव्हता. त्याच्या असुरक्षित वाय-फायचा दुसऱ्याच कोणी उपयोग केला होता. तरीही चौकशीला सामोरे जावे लागले ते त्यालाच. पुढे १३ सप्टेंबर रोजी दिल्लीत करोल बाग, कॅनॉट प्लेस आणि ग्रेटर कैलास येथे स्फोट झाले. त्या वेळचा ई-मेल चेंबूरमधील एका खाजगी कंपनीच्या वाय-फायवरून निघाल्याचे आढळले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा पुरवणाऱ्यांना सुरक्षित वाय-फायविषयी सूचना दिल्या.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. घरातील सारी उपकरणे बाहेरच्या जगाला सामान्यतः एकाच आयपी पत्त्याने दिसतात. त्यांपैकी नेमके कोणते उपकरण वापरले गेले, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. त्यामुळे आगंतुकाचे कृत्य यजमानाच्या खात्यावर जमा होते. पाण्याच्या घोटाशी केलेली तुलना येथे संपते.

म्हणून प्रत्येक अनोळखी नाव चोराचेच, असे मात्र समजू नये. पुष्कळदा ते उपकरण घरचेच असते. टीव्ही, कॅमेरा, छपाईयंत्र ही सारी यादीत कारखान्यात ठेवलेल्या विचित्र नावांनी येतात. उपकरणाच्या बारा अंकाक्षरी 'मॅक पत्त्या'तील पहिल्या सहांवरून एरवी उत्पादक ओळखता येतो. परंतु २०१९ मधील अँड्रॉइड १० आणि २०२० मधील आयओएस १४ पासून फोन खाजगीपणासाठी बनावट मॅक पत्ता धारण करू लागले. त्यामुळे आपलाच फोन आपल्याला परका वाटू शकतो! अशा वेळी घरातील एकेका उपकरणाचे वाय-फाय बंद करून यादीतून कोणते नाव जाते ते पाहावे. शेजारच्या विद्यार्थ्यावर आळ घेण्याची घाई केल्यास चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी गत व्हायची.

एवढे करूनही नाव उरले, तर केवळ ते उपकरण अडवणे पुरेसे नाही, कारण मॅक पत्ता बदलून ते पुन्हा येऊ शकते. पासवर्डच बदलावा. राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड वेगळा असतो, हे अनेकांच्या गावीही नसते, तोही बदलावा. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ असावा. जुना डब्ल्यूईपी हा प्रकार २००१ पासूनच भेद्य ठरला आहे. दिल्ली परिसरात भाड्याची घरे वारंवार बदलतात आणि कधी राउटर मागेच राहतो. मग पासवर्ड आधीच्या भाडेकरूच्या फोनमध्ये जिवंत असतो. गणपतीला आलेल्या मंडळींना इंटरनेट नाकारणे आपल्या रीतीत बसत नाही. त्यांच्यासाठी पाहुण्यांचे वेगळे वाय-फाय सुरू करण्याची सोय बऱ्याच राउटरमध्ये असते.

पासवर्ड बदलल्यावर घरातील प्रत्येक उपकरण पुन्हा जोडावे लागते. हे काम कंटाळवाणे खरे. पण ज्याचा सर्वांना विसर पडला होता, ते उपकरण आता बंद पडून आपली ओळख सांगते. कधी कधी यादीतला तो अनोळखी पाहुणा म्हणजे बैठकीतला टीव्हीच असतो.