वेल्डमधील लपलेल्या फटी आणि फेज्ड अ‍ॅरे
प्रश्न : जाड पोलादी नळाच्या वेल्डची क्ष-किरण तपासणी झाल्यावरही फेज्ड अ‍ॅरे अल्ट्रासॉनिक तपासणी का करावी?

उत्तर : या तपासणीच्या प्रोबमध्ये, म्हणजे ध्वनिलहरी सोडणाऱ्या व टिपणाऱ्या साधनात, बहुधा 16 ते 64 सूक्ष्म घटक ओळीने बसवलेले असतात आणि प्रत्येकाला नॅनोसेकंदांच्या फरकाने विद्युत्स्पंद दिल्यामुळे, प्रोब न हलवता, ध्वनिझोत साधारण 40 ते 70 अंशांत फिरवता येतो. वेल्डच्या कडेला धातू एकजीव न झाल्याने राहिलेली सपाट, तिरकी फट क्ष-किरणांच्या चित्रातून सहज निसटते. झोत तिच्यावर काटकोनात आदळला की ठळक प्रतिध्वनी परततो, आणि सर्वांत घातक दोष बहुधा याच जातीचे असल्याने हा लाभ फार मोलाचा आहे. भरड कणांच्या ऑस्टेनिटिक स्टेनलेस स्टीलमध्ये मात्र लहरी विखुरतात, म्हणून तेथे कमी वारंवारता निवडावी लागते.