स्वर्ग आणि नरक कोठे आहेत?



घरात कोणी वारले की शेजारपाजारचे विचारतात, "तेरावा घालणार नाही, मग मेलेल्याला स्वर्ग कसा मिळणार?" धम्मात नव्याने आलेल्या कुटुंबाने या प्रश्नापुढे गप्प बसू नये, म्हणून हा पाठ.

असाच प्रश्न नालंदा येथे असिबंधकपुत्र नावाच्या गावप्रमुखाने भगवान बुद्धांना विचारला होता. "ब्राह्मण मेलेल्याला स्वर्गात पोचवतात म्हणे, आपण सगळ्या जगाला पोचवू शकाल काय?" भगवंतांनी उलट विचारले, "खोल डोहात मोठा धोंडा टाकला आणि लोकांनी हात जोडून 'धोंड्या, वर ये' अशी प्रार्थना केली, तर तो वर येईल काय?" गावप्रमुख म्हणाला, "नाही." माणसाला त्याचे आचरणच तारते किंवा बुडवते; दुसऱ्याच्या मंत्राने ते बदलत नाही.

त्रिपिटकात स्वर्ग-नरकाचे उल्लेख आहेत, हे खरे. परंतु संयुक्त निकायात भगवंत असेही सांगतात की, महासागरात पाताळ आहे असे अज्ञानी माणूस म्हणतो. पाताळ हे तर शरीराच्या दुःखद वेदनेचेच नाव आहे. कालामांना त्यांनी समजावले की, परलोक असला तर सदाचारी माणसाचे भलेच होईल. नसला तरी तो इथेच निर्वैर आणि सुखी राहील. म्हणजे शील पाळण्यासाठी परलोकाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता आपल्या अनुभवाकडे पाहा. महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, पण आपल्या माणसांना मज्जाव होता. हा नरक कोण्या यमाने नव्हे, माणसांनी निर्माण केला होता. तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणून सोसायचा असता, तर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केलेच नसते. पुढे १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयातही अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माचा सिद्धांत नाकारला, त्याचे मर्म हेच आहे. माणसाने केलेला अन्याय माणसाला मोडता येतो.

पण नरक केवळ गावच निर्माण करते असे नाही. ज्या घरात पगाराच्या दिवशी दारू येते, बाईवर हात उठतो, मुलीची शाळा सुटते, त्या घराच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर असली तरी आत नरकच आहे. पंचशील रोज म्हणून भागत नाही, पाळावे लागते. ते पाळणाऱ्या घरात भाकरी साधी असली तरी मुले निर्भयपणे झोपतात. याहून वेगळा स्वर्ग हवा कशाला?

या पौर्णिमेला सर्वांनी एकत्र बसून दोन प्रश्नांचा विचार करावा.

१. आपल्या घरात कोणाला कोणाची भीती वाटते काय?

२. ती दूर करण्यासाठी उद्यापासून कोणते शील अधिक कसोशीने पाळावे लागेल?

उत्तर घरातल्या सर्वांत लहान माणसाला प्रथम विचारावे.