बीडाचा ड्रेनेज पाइप गळतोय? आधी ठोकून बघा, मग पुट्टी लावा



मागे आमच्या हडपसरच्या दुकानात एक काकू आल्या. म्हणाल्या, "अरे, तू दिलेलं एम-सील तीन आठवडे टिकलं, आता परत धार लागली." चूक माझीच होती. पाइपची अवस्था न विचारता मी पाकीट विकलं होतं. म्हणून हा धडा घरच्यांसाठी आहे, तसाच दुकानदारांसाठीही.

आधी तपासणी

जुन्या इमारतींत ड्रेनेजला बीडाचे (कास्ट आयर्न) पाइप असतात. हातमोजे घाला, वरच्या मजल्यांना पाणी थांबवायला सांगा आणि पाइप पुसून कोरडा करा. मग पान्याने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर बीड शाबूत आहे. आवाज बद्द आला किंवा स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत रुतलं, तर पाइप आतून गंजून संपलाय. आडव्या पाइपची खालची बाजू नक्की बघा, पाणी तिथेच साचतं.

गळती कुठे आहे?

1. सांध्यात: जुन्या सांध्यात काथ्या आणि वितळवलेलं शिसं भरलेलं असतं. शिसं सैल झालं असेल तर प्लंबरकडून ते परत ठोकून घट्ट करून घेता येतं.
2. बारीक छिद्र, पण आजूबाजूचं बीड शाबूत: इथे पुट्टी चालते.
3. लांब उभी चीर किंवा पातळ झालेला पाइप: पुट्टीवर पैसे घालवू नका. तेवढा तुकडा बदला.

पुट्टी लावताना

वायर ब्रशने गंज आणि रंग काढा, चकचकीत धातू दिसला पाहिजे. पुट्टीचे दोन्ही भाग सारखे घ्या आणि एकच रंग येईपर्यंत मळा. छिद्रात दाबून भरा, कडेने दोन बोटं जास्त पसरवा. पाकिटावर लिहिलेली वेळ पूर्ण होईपर्यंत पाणी सोडू नका. वरून रबराची पट्टी आणि क्लॅम्प लावला तर आणखी बरं.

तुकडा बदलताना

बीड फार जड असतं. वरच्या पाइपला आधी भिंतीत क्लॅम्पचा आधार द्या, मगच कापा, नाहीतर वरची लाइन खाली येईल. हे काम एकट्याने करू नका. नवीन पाइप एसडब्ल्यूआर घ्या. आयएस 13592 मध्ये टाइप ए पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या लाइनसाठी आहे, टाइप बी मैला-सांडपाण्यासाठी. आपल्याला बी पाहिजे. कपलर घेण्याआधी जुन्या पाइपचा घेर मोजून 3.14 ने भागा. घेर 34.5 सेंमी आला तर बाहेरचा व्यास साधारण 110 मिमी.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. तुंबलं म्हणून ॲसिड ओतू नका, ते लोखंड खातं. आणि बाहेरची सामाईक लाइन असेल तर स्वतः खर्च करण्याआधी सोसायटीला लेखी अर्ज द्या. आदर्श उपविधींनुसार ती दुरुस्ती सोसायटीची असते.

दुकानदार मित्रांनो, पाकीट देण्याआधी तीनच प्रश्न विचारा: गळती कुठे आहे? ठोकल्यावर आवाज कसा येतो? लाइन कोणाची? कधी कधी उत्तर ऐकून म्हणावं लागेल, "काकू, हे घेऊ नका." त्या दिवशी एक पाकीट कमी खपेल, पण पुढचा पाइप घ्यायला त्या तुमच्याकडेच येतील. माझ्याकडे आल्या.