जुना छोटा हत्ती सांभाळताना

टाटा मोटर्सची 'एस' ही चारचाकी छोटी मालगाडी मे २००५ मध्ये बाजारात आली आणि थोड्याच दिवसांत 'छोटा हत्ती' या नावाने घरोघरी माहीत झाली. मूळ गाडीला ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. पुढे-मागे कमानपाटे, बारा इंची चाके आणि पाऊण टन माल वाहण्याची ताकद, असा तिचा घाट. मुंबईच्या उपनगरांत भाजी, पाण्याचे जार, मंडपाचे सामान, भाड्याचे घर बदलणाऱ्यांचा संसार, सगळे तिच्यावरूनच जाते. नवी गाडी परवडत नाही म्हणून आठ-दहा वर्षांची जुनी घ्यायची आणि भाड्याच्या कमाईतून ती हळूहळू नीट करायची, हा अनेक मालक-चालकांचा मार्ग आहे. तो चालण्याजोगाही आहे. मात्र दुरुस्तीचा क्रम चुकला, तर स्वस्तात मिळालेली गाडी नवीच्या हप्त्यांइतके पैसे खाते.

हा क्रम कागदपत्रांपासून सुरू होतो, इंजिनापासून नव्हे. अंधेरी आरटीओची गाडी एमएच-०२, बोरिवलीची एमएच-४७, तर घाटकोपर-मुलुंडकडची वडाळा आरटीओची एमएच-०३. नंबर मुंबईचा आणि इंधन डिझेल असेल, तर टोकन देण्याआधीच आरटीओत चौकशी करावी. धुराच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात चाललेल्या याचिकेनंतर शहरातल्या आठ वर्षांवरील व्यावसायिक गाड्या सीएनजीसारख्या स्वच्छ इंधनावर आणण्याची अट आली. एखादी डिझेल गाडी कमालीच्या स्वस्तात मिळते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर तिची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून गाडी लगेच नावावर करावी. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. 'पुढच्या पासिंगला करू' म्हणून हे काम लांबवणे दोघांनाही घातक आहे. गाडी विकली, पण आरसीवर नाव जुन्याचेच राहिले, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर विम्याचा दावा अडकतो. थकलेली ई-चलाने आणि पर्यावरण कर यांचा हिशेब भाव ठरतानाच मिटवावा. तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही, तेवढा एक खर्च वाचतो.

कागद स्वच्छ असले की पाहायचा तो सांगाडा. मुंबईची हवा खारट, पावसाळा चार महिन्यांचा, त्यामुळे इथल्या गाडीचा पत्रा इंजिनाच्या आधी संपतो. वरून रंग चकचकीत असला, तरी पायाखालचे रबरी मॅट उचलून खालचा पत्रा बघावा. बॅटरीची बैठक आणि केबिनचे माउंटिंगही पाहावे. सर्वांत जास्त गंज हौदा चासीवर बसतो त्या जागी लपलेला असतो. हौदा आणि चासीच्या मध्ये घातलेले लाकडाचे किंवा रबराचे पॅकिंग पाणी धरून ठेवते. यू-बोल्टच्या आजूबाजूला ते पाणी वर्षानुवर्षे मुरते आणि लोखंड थरांनी सुटू लागते. तिथे छोट्या हातोडीने ठोकत जावे. घट्ट लोखंड खणखणीत वाजते, सडलेले बद्द. शंका आली की स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. ते आत गेले, तर सौदा तिथेच थांबवणे शहाणपणाचे. गाडीने मासळी वाहिली असेल, तर ही तपासणी दुप्पट काटेकोरपणे करावी, कारण टोपल्यांतून गळणारे खारे पाणी थेट चासीवर उतरते. फुटलेला फाळका बदलता येतो, केबिनच्या तळाला पत्रा मारता येतो. चासीला मात्र वेल्डिंगचे ठिगळ लावून वर डांबर फासणे ही दुरुस्ती नव्हे. भार पडला की भेग ठिगळाच्या कडेलाच पुन्हा उघडते.

चासीवर कोरलेला नंबर हीसुद्धा जपायची वस्तू आहे. आरटीओच्या कामात त्याचा पेन्सिलीने ठसा घ्यावा लागतो. गंजाने अंक खाल्ले, की गाडी उत्तम चालत असूनही पासिंग अडते. तो भाग ग्राइंडरने घासू नये. रॉकेलच्या फडक्याने पुसून वर ग्रीसचा हात द्यावा आणि दर सर्व्हिसिंगला तो नवा करावा. आठ वर्षांपर्यंत पासिंग दोन वर्षांनी येते, पुढे दरवर्षी. गाडीचे वय वाढते तशी त्याची फीही चढत जाते. दिवे, हॉर्न, परावर्तक पट्ट्या, पीयूसी या किरकोळ बाबींपायी परत यावे लागले की दिवसाचे भाडे बुडते. म्हणून आदल्या आठवड्यातच त्या तपासून घ्याव्यात.

पहिले पैसे ब्रेकवर खर्चावेत. पुढे डिस्क, मागे ड्रम अशी रचना आहे. जुन्या गाडीत मागचे व्हील सिलिंडर झिरपतात आणि शूवर तेल चढते. मग भरल्या गाडीचा ब्रेक लागतो, पण ती एका अंगाला ओढते. व्हील सिलिंडर, रबरी होज आणि शू एकदमच बदलून घ्यावेत, कारण ड्रम उघडण्याची मजुरी एकदाच पडते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. म्हणून ते डोळ्यांना ठीक वाटले, तरी दोन वर्षांनी काढून टाकावे. स्टिअरिंगचे बॉल जॉइंट आणि किंगपिन याच फेरीत बघून घ्यावेत. ग्रीस मारण्याचा खर्च इतका थोडा असतो, की तो टाळून किंगपिन घालवणाऱ्यांची हळहळ वाटते.

त्यानंतर कूलिंग. इंजिन सीटखाली आहे. साकीनाक्याच्या किंवा एलबीएस मार्गाच्या कोंडीत गाडी तासभर रखडली, की खालची उष्णता कोंडते. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे नळाचे पाणी ओतलेले असेल, तर आतून गाळ आणि गंज चढलेला असणारच. तो साफ करून कूलंट भरणे, वॉटर पंप, पट्टा आणि होजपाइप बदलणे, हे सगळे मिळूनही हेड गॅस्केटच्या एका कामाहून स्वस्त पडते. गाडी घेतानाची खूण अशी : ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत पाहावे. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळते आहे आणि हेड उघडावे लागणार, हे गृहीत धरूनच भाव बोलावा. काट्यावर नजर ठेवण्याची सवय हवी. तो वर चढताना दिसत असूनही 'एवढी खेप टाकून येऊ' म्हटल्याने कित्येक इंजिने गेली आहेत.

सीएनजी गाडीत टाकीची चाचणी हा वेगळा विषय आहे. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते आणि तिची तारीख प्लेटवर असते. मुदत संपलेली टाकी घेऊन पंपावर गेले, तर गॅस मिळत नाही. टाकीचे ब्रॅकेट आणि पट्टे गंजले आहेत का, हे खाली वाकून पाहावे. जोडांवर साबणाचा फेस लावून गळती तपासणे घरीही जमते, पण गळती सापडली तर ती काढण्याचे काम मान्यताप्राप्त केंद्राकडेच द्यावे.

क्लच आणि गिअरबॉक्स तिसऱ्या टप्प्यात येतात. गिअरबॉक्स उतरवला, की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचे ऑइल सील एकत्र बदलावे. नुसती प्लेट टाकून वाचवलेले पैसे पुढच्या उतरवणीच्या मजुरीत जातात. कमानपाट्यांचे दुखणे मुख्यतः जादा मालाचे असते. पाऊण टनाच्या गाडीत सव्वा टन भरला, की आधी बुश जातात, मग पाटा तुटतो. तुटलेला पाटा नवाच घालावा. तापवून वाकवलेल्या पाट्याचे पाणी उतरते आणि काही महिन्यांत तो पुन्हा बसतो.

सुट्या भागांसाठी नव्याला ऑपेरा हाउसचा बाजार आणि जुन्याला कुर्ल्याचा सीएसटी रोड, अशी मुंबईकर गॅरेजवाल्यांची विभागणी आहे. दरवाजा, काच, दिव्याचे घर, सीट, फाळका जुना घेण्यात काहीच कमीपणा नाही. ब्रेकचा कोणताही भाग, स्टिअरिंगचे जॉइंट, पट्टे आणि टायर मात्र जुने घेऊ नयेत. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रिमोल्ड टायर फार तर मागे चालवावेत, पुढे कधीच नाही. बदललेला प्रत्येक जुना भाग मिस्त्रीकडून मागून घ्यावा आणि वहीत तारीख, किलोमीटर, किंमत लिहावी. पुढे गाडी विकताना हीच वही भाव मिळवून देते.

कामांचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. ब्रेक, वायपर, वायरिंग आणि खालून गंजरोधक लेप ही कामे मेअखेर उरकावीत. अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाणी भरले असेल, तर गाडी घालूच नये. पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी तिथेच पुन्हा सुरू करून पाहणे हा त्यातला सर्वांत महागडा प्रयत्न, आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसतही नाही. ती ढकलून बाहेर काढावी आणि मिस्त्रीकडून हवेची वाट व ऑइल तपासून घेऊनच सुरू करावी. गणपती ते दिवाळी हा भाड्यांचा हंगाम असतो. त्या दिवसांत फक्त चालू ठेवण्यापुरते काम करावे आणि मिळकतीतला एक ठरावीक हिस्सा दर आठवड्याला बाजूला काढावा. पाऊस सरल्यावर गाडी खालून धुऊन, सुकवून गंज खरवडावा. डेंटिंग-पेंटिंग अगदी शेवटी. सगळे यांत्रिक काम होण्याआधी रंग मारला, तर तो पुढच्या ठोकाठोकीत जातो.

चासी थरांनी सुटू लागली, की दुरुस्ती थांबवावी, मग इंजिन नुकतेच बांधलेले का असेना. अशी गाडी भंगारात देतानाही आरसी रद्द करून घ्यावी लागते, नाहीतर कर आणि जबाबदारी कागदावर चालूच राहतात. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली, तर नव्या गाडीच्या वेळी उपयोगी पडणारे प्रमाणपत्र मिळते. इंजिन, गिअरबॉक्स, टायर सुटे विकून जास्त पैसे येतील, असे गणित कोणी मांडले, तरी आरसी रद्द झाल्याचा कागद हाती येईपर्यंत चासी नंबराचा तुकडा कोणाच्या ताब्यात देऊ नये.